ठाण्याहून मुलांना घेऊन पहिल्यांदा तंबूत राहायचंय? आधी जागा बघा, मग सामान

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोलशेतला राहणारं चौघांचं कुटुंब, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा. डिसेंबरातल्या एखाद्या शनिवारी एक रात्र तंबूत काढायची आहे. आधी कोणीच राहिलेलं नाही. येऊर घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथेच राहता येईल का, की भंडारदऱ्याला जावं? तंबू कोणता घ्यावा? साप, बिबट्या, थंडी यांचं काय? आणि रात्री मुलांना शी-शू लागली तर कुठे न्यायचं?

मी बेलापूरला राहते आणि शाळेतल्या मुलांची मुक्कामी शिबिरं घेते, बहुतेक सह्याद्रीत आणि बहुतेक तंबूतच. पालक पहिल्यांदा फोन करतात तेव्हा जवळजवळ सगळेच सामानाची यादी मागतात. सामानाबद्दल मी खाली लिहिलंच आहे. पण रात्र सुखाची जाणार की जागून काढावी लागणार, हे सामानापेक्षा जास्त दोन गोष्टींवर ठरतं: तंबू कुठे लावला, आणि तिथे किती वाजता पोचलात. महागडा तंबू चुकीच्या जागी लावला तर चौघंही कुडकुडतील. साधा तंबू चांगल्या जागी, उजेडात, शांतपणे लावला तर मुलं सकाळी "परत कधी यायचं?" विचारतील.

आधी येऊरचं सांगते. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय जाताच येत नाही, तंबू ठोकून रात्र काढणं तर लांबची गोष्ट. उद्यानाच्या कडेला गावात खासगी बंगले आणि फार्महाऊस आहेत, त्यांच्या अंगणात मालकाच्या परवानगीने तंबू लावता येतो. पण त्या भागात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे, आणि पहिल्याच रात्री सात वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे उघड्यावर राहावं असं मी कोणालाच सांगत नाही. येऊरला परवानगी काढून सकाळी लवकर पक्षी बघायला जा, त्यासाठी ती जागा सुंदर आहे. कर्नाळ्याचंही तेच. पक्षी अभयारण्य आहे, दिवसा जावं, संध्याकाळच्या आत परत यावं.

पहिल्या मुक्कामासाठी तुमच्यासारख्या कुटुंबाला मी प्रबळमाची सुचवेन. ठाण्याहून थेट पनवेल लोकल आहे. पनवेलहून एसटीने किंवा रिक्षाने ठाकूरवाडी गाठायची, तिथून मुलांच्या चालीने दोन-अडीच तासांची चढण. वाट रुंद आहे, रुळलेली आहे आणि माचीवर गाव आहे. गावातली मंडळी स्वतःच्या अंगणात तंबू लावून देतात, पिठलं-भाकरी करून घालतात, संडासाची सोय असते. म्हणजे पहिल्या खेपेला अडचण आली तर चार पावलांवर घर आहे, माणसं आहेत. शेजारच्या कलावंतीण सुळक्याच्या कड्यात कोरलेल्या पायऱ्यांवर मात्र मुलांना नेऊ नका. माचीवरून तो सुळका छान दिसतो, तेवढं पुरे. निघण्याआधी गावातल्या ज्यांच्याकडे उतरणार त्यांना फोन करून वनखात्याचे सध्याचे नियम विचारून घ्या. गर्दीमुळे आणि अपघातांमुळे ते बदलत असतात.

भंडारदरा दुसऱ्या खेपेला ठेवा. गाडीने जायचं तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, कसारा घाट चढून घोटीला उजवीकडे वळायचं, बारी गावावरून शेंडी. तलावाकाठी तंबूंच्या रांगा आहेत. तिथे बुकिंग करताना फोटो बघून भुलू नका, प्रश्न विचारा. एकूण तंबू किती आणि संडास किती? पाण्याची कड तंबूपासून किती लांब? रात्री कोणी जागं असतं का? गाणी किती वाजता बंद होतात? हा शेवटचा प्रश्न मुलं असतील तर अवश्य विचारा, कारण रात्री दोनपर्यंत स्पीकर चालू असेल तर तुमचा सगळा बेत पाण्यात. या प्रश्नांची धड उत्तरं न देणाऱ्याला पैसे पाठवू नका.

तलावाच्या कडेबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या. धरणाच्या पाण्याखाली जुनी शेतं आहेत, त्यांचे बांध आहेत. कड उथळ दिसते, मूल घोट्याएवढ्या पाण्यातून चार पावलं पुढे जातं आणि बांध संपला की एकदम गळ्याएवढं पाणी येतं. त्यातून हिवाळ्यात पाणी उतरायला लागलं की काठावर जो गाळ उघडा पडतो तो वरून सुकलेला दिसतो, आत मऊ असतो, पाय रुततो. म्हणून पोहता येत असो वा नसो, जलाशयात मुलांना उतरवायचं नाही. होडीत बसलात तर लाइफ जॅकेट आधी, फोटो नंतर. जॅकेट मुलांच्या मापाचं नसेल तर होडी रद्द.

आता वेळ. डिसेंबरच्या सुरुवातीला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि साडेसहाला डोंगरात अंधार गुडुप होतो. म्हणून मुक्कामाच्या जागी साडेतीन ते चारच्या आत पोचायचंच. शनिवारी सकाळी आरामात उठून, आठ-नऊला निघून, माजिवडा ते वडपे पट्ट्यात ट्रकांच्या मागे अडकलात तर भंडारदऱ्याला पोचेपर्यंत दिवस कलतो. मग हेडटॉर्चच्या उजेडात, भुकेल्या मुलांना सांभाळत, दगडात खुंट्या ठोकण्याची वेळ येते आणि मिळेल ती जागा पत्करावी लागते. मी सगळ्यांना सांगते, सहाला गाडी सुरू झालेली असली पाहिजे. नाश्ता वाटेत करा.

पोचल्यावर सामान न उतरवता पंधरा मिनिटं जागेवर नुसतं फिरा. मुलांनाही बरोबर घ्या, त्यांना ही शोधाशोध फार आवडते. सर्वात आधी पाण्याच्या खुणा बघा. जिथे वाळलेलं गवत एकाच दिशेला आडवं झोपलंय, झुडपांच्या बुडाशी काटक्या आणि पाचोळा अडकून राहिलाय, मातीवर बारीक रेतीचा पट्टा उमटलाय, तिथून पावसाळ्यात पाणी वाहिलेलं असतं. डिसेंबरात पाऊस क्वचितच येतो, पण आला तर तो त्याच वाटेने येणार. मग मान वर करा. डोक्यावर वाळकी फांदी असेल तर ते झाड सोडा, कितीही गर्द सावली असली तरी. झाडावर पानं एकमेकांना शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतील, तरीही सोडा. कड्याखाली उभ्या असाल तर जमिनीवर पडलेले दगड बघा. ताजे, स्वच्छ कोराचे, गवत न उगवलेले दगड म्हणजे वरून अजून दगड येतायत. कड्यावर काळे मोठे लोंबते पोळे दिसले तर ते आग्या मोहोळ. तिथून लांब जा आणि त्याच्या खाली धूर मुळीच करू नका. ताजं शेण आणि रुळलेली पायवाट दिसली तर तो गुरांचा रस्ता आहे. पहाटे म्हशी तुमच्या दोऱ्यांत अडकतील.

एवढं बघून झालं की थंडीचा विचार करा. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली घसरते आणि खोलगट जागेत, ओढ्याकाठी, तलावाच्या कडेला साचते. संध्याकाळी हीच जागा सगळ्यात मोहक वाटते आणि पहाटे हीच सगळ्यात गार असते. काठापासून थोडं वर, दहा-पंधरा मीटर उंचीवर सपाट तुकडा मिळाला तर रात्र चांगली ऊबदार जाते. पूर्वेकडे उघडी जागा असेल तर उत्तमच, सकाळचं ऊन लवकर तंबूवर येतं.

जागा ठरली की जमीन हाताने साफ करा, डोळ्यांनी नाही. हातमोजे घाला किंवा चप्पल हातात घेऊन घासा. या दिवसांत कुसळं असतात, ती तंबूच्या तळातून आणि मोज्यांतून आरपार जातात. तंबूखाली ताडपत्री अंथरा, पण तिच्या कडा तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका. कड बाहेर राहिली तर दव आणि पाऊस तिच्यावरून ओघळून थेट तुमच्या खाली येतो. ताडपत्री तंबूपेक्षा चार बोटं लहान दुमडून घ्या. खुंटी ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं हवं, साधारण ४५ अंशात. उभी ठोकली तर वाऱ्याच्या पहिल्या झोतात उपटते. खडकाळ माचीवर खुंटी शिरत नाही, तिथे दोरी मोठ्या दगडाला गुंडाळा आणि त्याच्यावर दुसरा दगड ठेवा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे करा आणि दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला. बाहेरच्या दोऱ्या सगळ्या बांधा, संध्याकाळी वारा नसला तरीही. वारा बहुधा रात्री दोन-तीनला उठतो, आणि तेव्हा पांघरूण सोडून दोऱ्या बांधायला बाहेर जायची कोणाची तयारी नसते. मुलं अंधारात अडखळतात म्हणून दोऱ्यांना पांढऱ्या चिंध्या बांधून ठेवा.

तंबू विकत घेण्याची घाई करू नका. पहिल्या एक-दोन खेपांना भाड्याने आणा किंवा कोणाचा तरी मागून आणा, मग काय हवं ते आपोआप कळतं. घ्यालच तेव्हा लक्षात ठेवा की 'चार जणांचा' असं लिहिलेल्या तंबूत चार जण खांद्याला खांदा लावून मावतात, एकही पिशवी मावत नाही. चौघांना एक मोठा किंवा दोन लहान, दोनपैकी काहीही चालेल. पण मुलं सात-अकराची असतील तर दोन तंबू म्हणजे प्रत्येकात एक मोठं माणूस आणि एक मूल. मला ही रचना आवडते. तंबू दोन थरांचा घ्या: आत जाळी, वर वेगळं छप्पर. एकाच थराच्या तंबूत श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते, पहाटे थेंब थेंब अंगावर पडते आणि लोकांना वाटतं तंबू गळतोय. दोन थरांतही वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवाव्याच लागतात. छपराच्या कापडाची पाणी अडवायची क्षमता मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते. २,००० च्या पुढे असेल तर हिवाळ्यातल्या मुक्कामाला भरपूर झालं.

आणलेला तंबू एकदा सोसायटीच्या गच्चीवर किंवा बागेत पूर्ण उभारून बघा. सेक्रेटरींना आधी विचारा, म्हणजे वाद नको. पोल किती, खुंट्या किती, कुठली दोरी कुठे, हे घरी कळलेलं बरं. मुलांनाच उभारायला लावा. जमलं तर गच्चीवरच एक रात्र झोपा सुद्धा. मुलाला अंधाराची भीती वाटते का, बंद चेन आतून उघडता येते का, रात्री किती वेळा उठतो, हे सगळं घराशेजारीच समजतं.

थंडीचं गणित सांगते. उंची वाढते तसं तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे, म्हणजे ठाण्यात रात्री वीस अंश असेल तेव्हा तिथे केवळ उंचीमुळेच दहा अंशांची घट धरा. वर समुद्रापासून लांब असल्यामुळे रात्र आणखी गार होते, आणि वारा असेल तर वेगळाच हिशोब. आपण खाडीकाठची माणसं, आपल्याला अठरा अंशांतच स्वेटर लागतो. तेव्हा पूर्ण तयारीने जा.

आणि त्या तयारीत एक चूक बहुतेक घरांत होते: पांघरूण भरपूर नेतात आणि अंथरूण विसरतात. जमीन अंगातली ऊब खेचून घेते, पाठीखाली जे आहे ते वजनाने दबून पातळ होतं, मग वर तीन चादरी असल्या तरी पाठ गारच राहते. प्रत्येकाखाली फोमची मॅट हवी. तिच्याखाली वर्तमानपत्रांचा जाड थर घाला, वर सतरंजी. हवा भरायची गादी एकटी नेऊ नका, तिच्या पोटातली हवा गार होते आणि रात्रभर गार ठेवते. न्यायचीच तर वर घोंगडी किंवा फोम घाला. घोंगडी घरात असेल तर ती नक्की न्या. ओली झाली तरी ऊब देते. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर दोन आकडे असतात. आरामात झोपता येईल तो आकडा बघा, जेमतेम तग धरता येईल तो नाही. मुलांसाठी आरामाचा आकडा दहा अंशांच्या खालचा असावा.

झोपायचे कपडे वेगळे ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, आणि दिवसभर त्यांना हात लावू नका. चालताना घामाने भिजलेल्या बनियनवर स्वेटर घालून झोपलं की मध्यरात्री हुडहुडी भरते. कोरडे कपडे, कोरडे मोजे, कानटोपी. शिबिरात मुलं झोपायच्या आधी आम्ही स्टीलच्या बाटल्यांत गरम पाणी भरतो, घट्ट झाकण लावतो, वर मोजा चढवतो आणि प्रत्येकाच्या पायाशी देतो. पाय ऊबदार झाले की मूल पाच मिनिटांत झोपतं, आणि सकाळी तेच कोमट पाणी तोंड धुवायला येतं. झोपण्याआधी काहीतरी गोड आणि तुपाचं खायला द्या, गूळपोळी, डिंकाचा नाहीतर शेंगदाण्याचा लाडू. उपाशी पोटी अंग गरम राहत नाही.

तंबूच्या आत काहीही पेटवायचं नाही. शेगडी नाही, स्टोव्ह नाही, मेणबत्ती नाही, निखाऱ्यांचं घमेलं तर नाहीच नाही. कापड भडकतं हे एक. त्याहून वाईट म्हणजे बंद जागेत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, धूर दिसत नाही. माणसाला झोप येते आणि त्या झोपेतून तो उठत नाही. कोणी कॅम्पवाल्याने प्रेमाने "ताई, आत शेगडी ठेवू का?" विचारलं तर स्पष्ट नाही म्हणा.

बाहेरची शेकोटी गावकऱ्यांनी ठरवलेल्या जागी, त्यांच्या हाताने. डिसेंबरपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीने अख्खा डोंगर पेटतो. वणव्यात घरटी, पिल्लं, कारवीचे रान, सगळं जातं. राखीव जंगलात आग लावणं भारतीय वन कायदा, १९२७ नुसार गुन्हा आहे आणि अभयारण्यात तर वन्यजीव कायद्यानेही. सभोवार दोन मीटर गवत नको, बाजूला पाण्याची बादली हवी, आणि उठण्याआधी राखेत हात घालता येईल इतकी ती गार झालेली हवी. स्वयंपाकाला छोटा गॅस नेणार असाल तर तो गाडीनेच न्यावा लागेल. रेल्वेत गॅसचा डबा आणि स्टोव्ह घेऊन चढणं गुन्हा आहे, कसारा लोकल असो की पनवेल.

खरं तर पहिल्या मुक्कामाला स्वयंपाकाचा घाटच घालू नका. गावात जेवा. ठाकर किंवा महादेव कोळी घरातली नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा यांच्यापुढे आपली पाकिटातली नूडल्स काहीच नाहीत, आणि दोन पैसे त्या घरात जातात. किती जण येणार, किती वाजता, मुलांना तिखट कमी, हे आदल्या दिवशी कळवा. पोचून ऐन वेळी सांगितलं तर त्या माउलीला दळणापासून सुरुवात करावी लागते. स्वतःजवळ दशम्या, ठेपले, चिक्की, केळी एवढं ठेवा. पाणी माणशी तीन लिटर धरा, चढण असेल तर थोडं जास्तच. विहिरीचं किंवा टाक्याचं पाणी खदखदून उकळल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या आणि मगच प्या, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. मुलांना उलट्या-जुलाब झाले आणि ओआरएसच्या (मीठ-साखरेच्या) पुड्या संपल्या असतील तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चहाचा छोटा चमचा; मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

सापांबद्दल तुम्ही विचारलंय, तर सगळ्यात जास्त लक्ष मण्यारीकडे द्यायला हवं. नाग आणि घोणस फुत्कारून इशारा देतात, फुरसं अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं. मण्यार रात्री फिरते, गपचूप येते, अंथरुणात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा बहुतेकदा दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे समजतात अपचन झालं. म्हणून तंबूची चेन संध्याकाळपासून बंदच राहिली पाहिजे, आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी, 'लगेच तर परत येतोय' असं म्हणून उघडी ठेवायची नाही. मुलांना हा एकच नियम द्या आणि तो तुम्हीही पाळा. बूट बाहेर ठेवले तर पिशवीत बांधा, सकाळी आपटून घाला. अंधारात टॉर्चशिवाय पाऊल नाही, दगड उचलायचा नाही, लाकडाच्या ढिगाऱ्यात हात घालायचा नाही.

तरीही चावला, किंवा नुसता संशय आला, तर घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. ज्याला चावला त्याला चालू देऊ नका, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, १०८ ला फोन करा आणि ते येईपर्यंत वाट बघण्यापेक्षा गाडी असेल तर निघा. उपचार एकच, प्रतिसर्पविष, आणि ते दवाखान्यातच मिळतं. प्रबळमाचीसाठी पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय. कुठेही गेलात तरी निघण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयाचा नंबर शोधून, तिथे प्रतिसर्पविष आहे का विचारून, कागदावर लिहून ठेवा. विंचवाचंही हलक्यात घेऊ नका. आपल्याकडचा लाल विंचू मुलांच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्रॅझोसिन हे औषध किती उपयोगी आहे हे दाखवून दिलं आणि कोकणात असंख्य मुलं त्यामुळे वाचली. खूप घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली तर थेट दवाखाना.

बिबट्या माणसांच्या घोळक्यापासून लांब राहतो. त्याला ओढून आणतं ते उष्टं, कोंबडीची हाडं आणि त्यावर जमणारी कुत्री. उष्टं बांधून गाडीत किंवा गावात ठेवा. अंधार पडल्यावर मूल एकटं कुठेही जाणार नाही, आणि बाहेर खाली वाकून बसलेलं मूल दोन मोठ्या माणसांच्या मध्येच असेल. आग्या मोहोळाच्या भागात अत्तर-डिओडरंट लावू नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता चेहरा झाकून पळत सुटा आणि गाडीत काचा लावून बसा. आणि एक वेल ओळखून ठेवा, खाजकुइली. तिच्या तपकिरी, मखमली शेंगा मुलांना हमखास हात लावाव्याशा वाटतात. लागलीच तर चोळू नका, चिकटपट्टी लावून केस उपटून काढा, मग धुवा, आणि ते कपडे वेगळ्या पिशवीत घाला.

आता रात्रीच्या 'लागली'चं. संडास असेल तर दिवसाउजेडी मुलांना तो रस्ता दोनदा चालवून दाखवा. नसेल तर पाण्यापासून निदान साठ-सत्तर मीटर लांब, अर्धा-पाऊण फूट खोल खड्डा, वर माती. छोटं खुरपं न्या. टिश्यू आणि सॅनिटरी पॅड तिथे पुरायचे नाहीत, काळ्या पिशवीत परत घरी. सात वर्षांच्या मुलासाठी तंबूच्या दाराशी झाकणाचा डबा ठेवला तर मध्यरात्री सगळ्यांची धावपळ वाचते. मुलगी अकराची आहे. पाळी सुरू झाली असो वा नसो, चार पॅड तिच्या पिशवीत वेगळे ठेवा आणि तिला सांगून ठेवा.

तारीख निवडताना अमावस्येच्या जवळचा शनिवार घ्या. चंद्र नसला की ठाण्यात कधीच न दिसणारं आकाश दिसतं. डिसेंबरात जेवणं होईपर्यंत मृग नक्षत्र पूर्वेला चढलेलं असतं, त्याच्या वर रोहिणी आणि कृत्तिकांचा पुंजका, आणि थोड्या वेळाने खालून व्याध उगवतो. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीकडून येणारा उल्कावर्षाव असतो. मुलांना घोंगडीत गुंडाळून मोकळ्यावर आडवं पाडा.

पावसाळ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण डिसेंबरची सहल आवडली की जूनमध्ये मुलं हट्ट धरतील म्हणून आत्ताच लिहिते. पावसात मुलांसह तंबू नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी माणसं झोपेत असताना दरडीखाली गेली. पिढ्यान्‌पिढ्या डोंगर ओळखणाऱ्यांची ती वस्ती होती. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण भर दुपारी वाहून गेले. खारघरच्या पांडवकड्यालाही पोलीस दर पावसाळ्यात बंदी घालतात ती याच कारणाने. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, आवाज जड झाला की वर कुठेतरी पाऊस पडलाय. त्या क्षणी सामान सोडून वर चढायचं. ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसात दुपारनंतर विजा असतात, तंबू विजेपासून वाचवत नाही, गाडी वाचवते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप फोनमध्ये घालून ठेवा.

राहिलेलं सामान: प्रत्येकाला स्वतःचा हेडटॉर्च, मुलांचाही. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, हरवलं तर जागेवर बसून वाजवायची. पॉवर बँक रात्री पांघरुणात घ्या, थंडीत बॅटरी लवकर उतरते. नकाशा आधीच डाउनलोड करा. प्रथमोपचाराच्या डब्यात क्रेप बँडेज, जंतुनाशक, मुलांच्या वजनाप्रमाणे तापाचं औषध, ओआरएस. कुठे जातोय, कोणाकडे उतरतोय, रविवारी किती वाजेपर्यंत परतू, हे घरी कोणाला तरी लिहून द्या. एवढं पुरतं. खुर्च्या, टेबल, कंदिलांच्या माळा दुकानातच राहू द्या.

रविवारी परत आल्यावर तंबू तसाच गुंडाळलेला माळ्यावर टाकू नका. दवाने तो ओला असतोच, आणि आपल्या खाडीच्या दमट हवेत चार दिवसांत त्याला बुरशी लागते, वरचा लेप सुटतो आणि तंबू कायमचा वास मारतो. त्याच संध्याकाळी गच्चीत नाहीतर पंख्याखाली उलगडून पूर्ण सुकवा, तळातली कुसळं एकेक करून उपटा, खुंट्या पुसून मोजा. मोजे मात्र मशीनमध्ये घालायच्या आधी उलटे करून बघा, नाहीतर कुसळं घरभराच्या कपड्यांत जातील.